पेशलची भाकर

माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत मला शिक्षा एकदाच झाली. एका गाडीला एकेचाळीस मिनिटं उशीर केला, हा आरोप. तो खरा होता. उशीर मीच केला होता आणि त्याचं कारण मीच माझ्या हातानं वहीत लिहून ठेवलं होतं, त्यामुळे चौकशीत कोणाला फार त्रास पडला नाही.

रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस भेटला की लोक त्याच्याकडून अपघाताच्या गोष्टी काढू पाहतात. माझ्याकडे त्या नाहीत. स्टेशन मास्तराचं काम नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि मी ते नीट करत असे. ज्या एका उन्हाळ्यात ते नीट झालं नाही, तेवढंच इथं लिहितो.

स्टेशनाचं नाव सांगत नाही. बडनेरा सोडून अकोल्याकडे निघालं की मूर्तिजापूरच्या अलीकडे जी लहान लहान स्टेशनं लागतात, त्यांतलं एक, एवढं पुरे. एक फलाट, एक खोली, दोन क्वार्टर. एकात मी आणि माझी बायको, दुसऱ्यात रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला गफूरभाई. दिवसाकाठी दोन पॅसेंजर थांबायच्या. चढणारे-उतरणारे हाताच्या बोटांवर. एकदा एक म्हातारी नातवाला डब्यात बसवून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मास्तर, डायवरले सांगून ठेवा, हळू हाक म्हणा. पोट्ट्याले गाडी लागते." मी इंजिनापर्यंत जाऊन सांगून आलो. तिचं समाधान झालं. अशी तिथली गिऱ्हाइकं.

काम काय असतं, ते थोडक्यात सांगतो. दोन स्टेशनांमधल्या रुळावर एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. म्हणून गाडी सोडण्याआधी मी पुढच्या स्टेशनाला विचारायचं, रस्ता मोकळा आहे का? त्यानं हो म्हटलं की सिग्नल पाडायचा, म्हणजे खांबावरचा त्याचा हात खाली करायचा. याला लाईन क्लिअर म्हणतात. शिवाय मुख्य रुळाच्या बाजूला एक जादा रूळ असतो, ती लूप. मागून घाईची गाडी येत असेल तर पुढच्या सावकाश गाडीला लूपमध्ये उभं करायचं, घाईची निघून गेली की हिला सोडायचं. घाईची कोणती आणि सावकाश कोणती, हे ठरवणारा माणूस भुसावळला बसायचा. तो कंट्रोलर. आमच्या भागाच्या कंट्रोलरला मी पाच वर्षं रोज फोनवर ऐकत होतो आणि एकदाही पाहिलं नव्हतं. कोरडा आवाज. रामराम नाही, बरं आहे का नाही. स्टेशनाचं नाव घ्यायचा, हुकूम सांगायचा, फोन ठेवायचा.

लढाईचे दिवस होते. रंगून पडलं आणि ब्रह्मदेशात पोटापाण्यासाठी राहिलेले आपले लोक परत निघाले, कोणी बोटीनं, कोणी डोंगर तुडवत पायी. कलकत्त्याहून त्यांना गाड्यांत घालून इकडे मुंबईकडे, गुजरातेकडे पाठवत. कागदावर त्या स्पेशल, आम्ही पेशल म्हणायचो. नाव पेशल, पण रुळावर तिच्याइतका कमी मान दुसऱ्या कोणत्या गाडीला नव्हता. पलटणीची गाडी आधी, दारूगोळ्याची आधी, मेल आधी, आणि पेशल लूपमध्ये. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. आमच्याकडे चहावाला नाही, पुरीवाला नाही. पाण्याचा हौद होता तो फलाटावर, आणि लूप फलाटाच्या विरुद्ध, गावाच्या अंगाला. वर चैत्राचं ऊन.

गावाबाहेर नाल्याकाठी माळ्यांच्या भाजीच्या वाड्या होत्या. त्यांतल्या एका घरची चंद्री एक दिवसाआड शाळेत जाता जाता आमच्याकडे आणि गफूरभाईकडे भाजी टाकून जायची. वय नऊ-दहा, इयत्ता तिसरी, तोंडानं फटकळ. एका सकाळी ती रिकामी टोपली घेऊन माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मास्तर, तुमची भाजी सरली."

"सरली म्हणजे?"

"त्या गाडीतल्या लेकराइनं खाल्ली. काकड्या होत्या, मुळे होते. वांगे बी घेतले."

"कच्ची वांगी?"

"मी म्हटलं, कच्चे नका खाऊ. मंग बी खाल्ले." आणि जाता जाता दारातून म्हणाली, "गफूरचाचाची बी सरली. त्याइले तुमीच सांगा."

हे सगळं तिनं शाळेत जाऊनही सांगितलं असणार, कारण दुपारी वानखडे गुरुजी स्टेशनावर आले. चांदूर बाजारकडचे हे गृहस्थ चौथीपर्यंतची शाळा एकट्यानं चालवायचे. शाळा स्टेशन आणि गावाच्या मधल्या टेकाडावर. गुरुजी उंच, वाळलेले, कमी बोलणारे.

"मास्तर," ते म्हणाले, "पोट्टे म्हणून राहिले, आपण भाकरी देऊ. घरटी एक. मले फक्त गाडीची वेळ सांगत जा."

मी त्यांना भिंतीवरचा कागद दाखवला. लढाईमुळे वरून हुकूम आला होता, की कोणतीही जादा गाडी कधी येणार हे बाहेर कोणालाही सांगू नये, सांगेल त्याच्यावर खटला. "गुरुजी, मी बायकोलाही सांगत नाही," मी म्हणालो. आणि ते खरं होतं.

गुरुजींनी तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला, मुलाची वही तपासावी तसा. मग म्हणाले, "बरं. गाडी उभी असतांनी पोट्टे जवळ आले, तर चालते?"

त्याला माझी हरकत नव्हती, पण मला मुलांची भीती होती. गाडीखाली मूल जाणं हे स्टेशन मास्तराचं वाईट स्वप्न असतं. मी अटी घातल्या. लूपपासून आठ पावलांवर चुन्याची रेघ मारायची. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय आणि गफूरभाईनं हिरवं निशाण गुंडाळून काखेत धरल्याशिवाय कोणी रेघ ओलांडायची नाही. तिसरी-चौथीतल्यांनीच खिडकीकडे हात वर करायचे. लहानांनी फक्त टोपली धरायची. गुरुजींनी प्रत्येक अट दोनदा म्हणून घेतली.

पहिले आठ दिवस काहीच जमलं नाही. गाडी लूपमध्ये दिसली की मुलं टेकाडावरून गावात पळायची, घरोघर सांगायची, आणि भाकर घेऊन येईपर्यंत शेवटचा डबा सिग्नलच्या बाहेर गेलेला असायचा. आधीच भाकरी करून ठेवाव्यात, तर त्या साली ज्वारी इतकी चणचणीची होती, की जी गाडी येईल का नाही हे ठाऊक नाही तिच्यासाठी कोणती बाई तवा तापवील? चंद्रीची आई तिला म्हणाली म्हणे, "गाडी पक्की आसन तं एक नाई, दोन देतो."

मग दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी मला पेशलची खबर आली. बडनेऱ्याहून सुटली की खबर यायची आणि पाऊण तासानं गाडी. गाडी लूपमध्ये शिरत होती आणि मी पाहतो तर चुन्याच्या रेघेमागे सगळी शाळा उभी. टोपल्या, मडकी, पळसाच्या पानांचे गठ्ठे. भाकरींना वाफ होती.

त्यानंतर शाळेच्या वेळात आलेली एकही पेशल उपाशी गेली नाही. दर वेळी मुलं गाडीच्या आधी हजर. गुरुजींनी सगळ्या घरच्या भाकरी एकाच टोपल्यात घालायचा नियम केला होता, म्हणजे कोणती कोणाच्या चुलीवरची, हे ओळखू यायला नको. यावरून गावात कुरबूर झाली. एका मोठ्या घरानं भाकर देणं बंद केलं. गुरुजी भांडायला गेले नाहीत. त्या घरच्या मुलाला त्यांनी ताक वाटायचं काम दिलं आणि तो ते मन लावून करायचा.

गाडीतल्या पुष्कळ लोकांनी ज्वारीची भाकर पाहिली नव्हती. रंगूनला कापडाचं दुकान असलेल्या एका गुजराती शेटजींच्या हातात चंद्रीनं भाकर दिली, तर ते ती दोन्ही हातांनी ताटासारखी धरून उभे. वर काहीतरी वाढतील, अशी वाट पाहत होते. चंद्री खालून ओरडली, "अवो बाबूजी, हे खायाचंच हाय!" ते हसले. मग बसले आणि खायला लागले, आणि खाता खाता रडायला लागले. चंद्री पुढच्या खिडकीकडे गेली होती.

मुलांना वेळ कशी कळते, हे मात्र मला समजेना. माझा संशय गफूरभाईवर. त्याचा माझ्यावर. एकदा मी त्याला आडून विचारलं, तर त्यानं कानाला हात लावले. "मास्तरसाब, कसम से. मी तं समजून राहिलो होतो का तुमीच सांगता, आन्‌ मले काहून विचारता, म्हणून चूप होतो."

असे तीन आठवडे गेले. मग वरच्या कचेरीतले एक साहेब ढकलगाडीवरून तपासणीला आले. पुण्याकडचे होते, बोलणं मोजकं. खोलीतल्या वह्या पाहून ते फलाटावर आले तेव्हा पेशलला अजून दहा मिनिटं होती. रूळ दोन्हीकडे मोकळे. आणि पलीकडे चुन्याच्या रेघेमागे सगळी शाळा टोपल्या घेऊन उभी.

साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग मुलांकडे, मग माझ्याकडे.

"ही मुलं कशासाठी उभी आहेत?"

मी खरं तेच सांगितलं.

"आणि गाडी येणार, हे त्यांना कोणी सांगितलं?"

मला उत्तर ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही, असं म्हणालो. ते त्यांना पटलं नाही, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही पटलं नसतं. आम्ही रूळ ओलांडून पलीकडे गेलो. गुरुजी पुढे आले. "मास्तरनं मले काहीच सांगितलं नाही, साहेब. मी विचारलं होतं, तवा त्याइनं भिंतीवरचा कागद दाखवला." साहेब म्हणाले, "मग मुलांनाच विचारतो." आणि पहिल्या रांगेत चंद्री होती.

"काय गं, गाडी येणार हे कोणी सांगितलं तुला?"

"काहून? मास्तरनं."

नोकरी गेली हे तर नक्कीच, पुढे तुरुंगही असेल, हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं.

"कधी सांगितलं?"

"आता. कोट घालून."

साहेबांनी माझ्या कोटाकडे पाहिलं. मीही पाहिलं. पांढरा, बंद गळ्याचा, पितळी बटणांचा कोट. चंद्री समजावून सांगायला लागली, कारण साहेब जरा मंद दिसत होते. "रोजच्या गाडीले मास्तर सदऱ्यावरच राह्यते. पेशल याची आसली का मंगच कोट घालते. शाळेच्या खिडकीतून दिसते. आज खिडकीची पाळी माही होती."

ते अक्षरशः खरं होतं. उन्हाळ्यात मी सदऱ्यावर काम करायचो. पण पेशलमध्ये एखादा लष्करी अधिकारी असायचा, त्यांतल्या एकानं मला एकदा गणवेशावरून झापलं होतं. तेव्हापासून बडनेऱ्याची खबर आली, की मी खुंटीवरचा कोट काढून फलाटावर येऊन बटणं लावायचो. ऊन पडलं, की ती बटणं टेकाडावरून चमकत असणार. आणि गुरुजींनी खिडकीपाशी मुलांच्या पाळ्या लावल्या होत्या. मला त्यांनी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी दोषी ठरलो असतो.

साहेबांच्या तोंडावर हसू आल्यासारखं वाटलं, पण ते बाहेर पडलं नाही. खोलीत आल्यावर त्यांनी वहीत लिहिलं, की कामावर असताना स्टेशन मास्तरानं पूर्ण गणवेश सतत अंगावर ठेवावा. "यातच तुमचं भलं आहे," ते म्हणाले. "दुसरा कोणी आला असता तर एवढ्यावर भागलं नसतं." हे मलाही मान्य होतं. मी सही केली.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी सहाला कोट चढवला तो कामावरून सुटेपर्यंत उतरवला नाही.

पहिल्या दिवशी मुलं धावत आली. रेघेमागे उभी राहिली, तासभर. पेशल नव्हतीच. गुरुजींनी भाकरी तिथंच मुलांना वाटून दिल्या. दुसऱ्या दिवशी निम्मी आली. तिसऱ्या दिवशी चंद्री आणि आणखी दोघं, रिकाम्या हातांनी, नुसती पाहायला. मी फलाटावर कोट घालून उभा. आमच्यात दोन रूळ. मला एवढंच सांगायचं होतं, की कोटाकडे पाहू नका, आता त्याचा काही अर्थ नाही. ते सांगणंसुद्धा गाडीविषयी सांगणं होईल का, याचा मी विचार करत राहिलो, आणि ती मुलं परत गेली. चौथ्या दिवशी चंद्रीनं भाजी पायरीवर ठेवली आणि न बोलता निघून गेली. माझी बायको म्हणाली, "पोरगी मुकी झाली का काय?"

गुरुजी एकदा टपाल न्यायला आले तेव्हा मीच विषय काढला. ते म्हणाले, "तुमी तुमची नोकरी करा, मास्तर. आमी पाहू." त्यांनी मुलांना सिग्नलवर नजर ठेवायला सांगून पाहिलं, पण तो गाडीच्या जेमतेम पाच मिनिटं आधी पडतो. तेवढ्यात पीठही मळून होत नाही.

त्या दिवसांत किती पेशल आमच्या लूपमधून गेल्या, ते वहीत लिहिलेलं होतं. माझंच अक्षर. मी ती पानं पुन्हा उलटली नाहीत.

मग एका दुपारी, सकाळची शाळा सुटून तास-दीड तास झाला असेल, एक पेशल आली. मागून पलटणीची गाडी होती म्हणून तिला लूपमध्ये घेतलं. मी गार्डाकडे कागद द्यायला चाललो असताना एका डब्याच्या खिडकीतून एका बाईनं हाक मारली. तिशीची असेल. मांडीवर एक मूल, शेजारी दोन.

"बाबूजी, वो बच्चे किधर हैं? रोटीवाले?"

मी थांबलो.

ती म्हणाली, "गार्डसाहब बोले थे, बडनेरा में मत उतरना, भीड में बच्चे छूट जाएँगे. आगे छोटे टेशन पर गाँव के बच्चे डब्बे के पास आते हैं, रोटी देते हैं."

हा गार्ड आमच्याच भागात ये-जा करणारा होता. महिन्यापूर्वी त्यानं मुलांना पाहिलं होतं. नंतरचं त्याला माहीत नव्हतं.

"आज नहीं आए," मी म्हणालो.

ती रागावली नाही. "अच्छा," म्हणाली, आणि मुलांकडे वळून तेच तिनं त्यांना सांगितलं, "आज नहीं आए." मधला मुलगा तरीही खिडकीचा गज धरून बाहेर पाहत होता. तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि त्याला आत घेतलं.

मी खोलीत आलो. पलटणीची गाडी धडधडत निघून गेली. पुढच्या स्टेशनानं लाईन क्लिअर दिलं. आता मी गफूरभाईला खूण करायची, त्यानं सिग्नल पाडायचा, पेशल जायची. माझ्या नोकरीत मी ही खूण किती हजार वेळा केली असेल.

"गफूरभाई," मी म्हणालो, "मी येईपर्यंत सिग्नल पाडायचा नाही."

"कोठी चालले, मास्तरसाब?"

"शाळेत."

स्टेशन मास्तरानं गाडी उभी असताना स्टेशन सोडून जाणं हा उशिरापेक्षा मोठा गुन्हा आहे. तो पुढे चौकशीत कोणाच्या लक्षातच आला नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही.

शाळेच्या मागच्या खोलीत गुरुजी राहायचे. जेवत होते. मी दारात उभा राहून म्हणालो, "पेशल उभी आहे. सकाळपासून उपाशी आहेत."

ते ताटावरून उठले. "डबे किती?"

"चौदा."

शाळेच्या दाराशी घंटा म्हणून रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. गुरुजींनी तो उष्ट्या हातानंच बडवायला सुरुवात केली. भर दुपारी शाळेची घंटा कधी वाजत नसे. गावातून मुलं निघाली, त्यांच्या मागे बाया निघाल्या, आग लागली का काय पाहायला. गुरुजींनी टेकाडावरूनच ओरडून सांगितलं, घरात जे असेल ते घेऊन स्टेशनावर या. ताज्या भाकरी करायला वेळ नव्हता. सकाळच्या उरलेल्या आल्या, कांदे आले, गूळ आला, फुटाणे आले, आंबिलाचं मडकं आलं. एक बाई घरची कढीच पातेल्यासकट घेऊन आली आणि कशात वाढायची म्हणून मलाच विचारायला लागली. ज्या मोठ्या घरानं भाकर बंद केली होती, तिथला मुलगा सुपात मुरमुरे घेऊन आला. त्यानं ते घरी विचारून आणले होते की कसे, ते मला माहीत नाही.

चंद्री डोक्यावर काकड्यांची पाटी घेऊन पळत आली. माझ्यापाशी थांबली.

"खरंच आली का गाडी?"

"आली."

तिनं मान वाकडी करून माझ्यामागे लूपकडे पाहिलं, खात्री केली. "मंग ठीक हाय," म्हणाली आणि पुढे गेली.

मी परतलो तेव्हा गफूरभाई खोलीच्या दारात घामानं डबडबलेला. "फोन बजून राहिला, मास्तरसाब. तीनदा बजला. मी हात नाई लावला." तेवढ्यात चौथ्यांदा वाजला. मी उचलला.

कंट्रोलरनं स्टेशनाचं नाव घेतलं. "लाईन क्लिअर मिळून वीस मिनिटं झाली. पेशल का उभी आहे?"

खोटं कारण सांगणं सोपं होतं. चाकाचा आस तापलाय म्हणायचं, सिग्नलची तार अडकलीय म्हणायचं. अशी कारणं प्रत्येक मास्तराच्या खिशात दोन-चार असतात. खिडकीतून मला तो मधला मुलगा दिसत होता. त्याच्या दोन्ही गालांत काहीतरी होतं.

"लोक जेवून राहिलेत," मी म्हणालो. कंट्रोलशी मी नेहमी पुस्तकी मराठी बोलायचो. त्या दिवशी तोंडातून वऱ्हाडी निघालं.

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग, "वहीत कारण काय लिहू?"

"हेच लिहा. मीही हेच लिहितो."

त्यानं फोन ठेवला.

त्या उशिरामुळे मागची एक मालगाडी खोळंबली, तिच्यामागची आणखी एक. मेमो यायचा तो आला. मला एका फाट्याच्या लाईनीवर पाठवण्यात आलं. तिथं दिवसातून एकच गाडी यायची आणि तीच परत जायची, लूपसुद्धा नव्हती. कोणाला उशीर करायचा म्हटलं तरी जमलं नसतं. त्या स्टेशनावर मी सहा वर्षं काढली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मी तो उशीर आणखी दहा-बारा दिवस आधी करायला हवा होता, एवढंच वाटतं. शिक्षा तीच झाली असती.

नव्या जागी गेल्यावर गुरुजींचं एक कार्ड आलं. पेशल बंद झाल्या, शाळेला सुट्टी लागली, चंद्री चौथीत गेली, गणितात कच्ची आहे, असा मजकूर. माझ्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. त्यांचा तसा स्वभाव होता.

त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. पेशलला शेवटी मी सिग्नल दिला. गाडी हलली, मुलं रेघेमागे सरकली, बायका रिकामी पातेली घेऊन गावाकडे वळल्या. मी खोलीत येऊन वहीत गाडी सुटल्याची वेळ टाकत होतो, तोच फोन वाजला. पुन्हा कंट्रोलर. पाच वर्षांत त्यानं गाडीखेरीज मला काहीही विचारलं नव्हतं.

"पुरलं का सगळ्यांना?"

मी म्हणालो, "नाही साहेब. शेवटच्या दोन डब्यांपर्यंत पोचलं नाही."

मी फोन ठेवणार होतो, पण ठेवला नाही. कंट्रोलच्या तारेवर सगळी स्टेशनं एकत्र जोडलेली असतात. ज्याला हाक येईल त्यानंच बोलायचं, पण दुसऱ्यानं कान लावला तर त्यालाही ऐकू येतं. नियमानं तसं करू नये. मी केलं. पलीकडे कंट्रोलर मूर्तिजापूरला हाक देत होता.

"मूर्तिजापूर. पेशल येते आहे. मागचे दोन डबे उपाशी आहेत."

"इथं तयार काहीच नाही, साहेब," मूर्तिजापूरचा मास्तर म्हणाला. "करायचं म्हटलं तर अर्धा तास तरी लागेल."

"अर्धा तास दिला," कंट्रोलर म्हणाला. "चूल पेटवा."